मागच्या बाजूची सफरचंदं

ताईंनी भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण ते त्यांना अजून पटलेलं नाही. खिळा त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. तिथे त्यांच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं चित्र लागायचं होतं. ते मी काढायचं असं ठरलं होतं, म्हणजे ताईंनी ठरवलं होतं. संध्याकाळी सगळे नातेवाईक ते बघायला येणार होते.

एक बाजू नवऱ्याने धरली, एक मी धरली. आम्ही चित्र सोफ्यावर टेकवलं आणि मी वरची जुनी चादर ओढून काढली.

ताईंनी चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं. "ही सफरचंदं आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"आई कुठाय?"

"ह्याच आई."

नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि बहीण-बायकोच्या मध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण त्याला फार लवकर आलेलं आहे. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. तो बघत राहिला.

"मी तुला फोटो दिला होता," ताई म्हणाल्या. आवाज अजून खालचा होता. वर्गात पहिल्यांदा सांगताना असतो तसा.

दिला होता. ओळखपत्रासाठी काढलेला. फोटोवाल्याने तोंड मिटा, हनुवटी खाली घ्या, हलू नका असं सांगून काढलेला. सासूबाईंचा वरचा पुढचा एक दात नव्हता आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. हसायच्या तर घशापर्यंत दिसायचं. बोलायच्या तर समोरच्याला बोलायला जागा ठेवायच्या नाहीत. तोंड मिटून बसलेल्या सासूबाई मी एवढ्या वर्षांच्या संसारात पाहिल्या नाहीत, झोपेतसुद्धा नाहीत. त्या फोटोतली बाई कोण आहे मला माहीत नाही. कुणीतरी सभ्य बाई आहे.

"त्या फोटोत आई नाहीत, ताई. म्हणून नाही काढला."

"माणसं काढायला जमत नाही, असं सरळ सांगायचंस. मी दुसरं कुणी बघितलं असतं."

झालं. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. किटली, भांडी, कांदे, चुरगळलेलं फडकं काढणारी बाई म्हणजे जिला माणसं काढता येत नाहीत ती. प्रदर्शनात लोक येतात, छान छान म्हणतात आणि मग हळूच विचारतात, चेहरे नाही का काढत तुम्ही? जणू मी पोळपाटावरच अडकले आहे आणि स्वयंपाक पुढेच आहे. आधी मी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत.

"मला माणसं उत्तम काढता येतात," मी म्हटलं. "पण माणूस समोर बसला की शहाणा होतो. केस नीट करतो, पोट आत घेतो, जो नाही तो व्हायला बघतो. वस्तूला हे कळत नाही. कपाच्या कानाला कुठे बोट घासलंय, उशीचा कोणता कोपरा दबलाय, चाकू कोणत्या हाताने झिजलाय, ते ती जशीच्या तशी दाखवते. माणूस उठून गेल्यावर त्याच्याबद्दल खरं बोलणारं कोण असेल तर त्याने वापरलेलं सामान. मी भांडी काढत नाही, ताई. भांडी वापरणारे काढते."

"भाषण नको," ताई म्हणाल्या. स्वतः भाषणं ऐकवणाऱ्या माणसांना दुसऱ्याचं भाषण लगेच ओळखू येतं. "हे मला समजावून सांग. टाचण्या दिसतायत, विटा दिसतायत, किटलीचा पोचा दिसतोय, आणि ही उष्टी फळं. लोकांना काय सांगू? माझी आई म्हणजे उष्टं सफरचंद?"

त्यांचं खरं होतं. टेबल मी मागून काढलं होतं. चित्र समोरून मांडताना जे जे लपवायचं असतं, कापडाला उंची द्यायला ठेवलेली वीट, घडी पडू नये म्हणून लावलेल्या टाचण्या, किटलीची चेपलेली बाजू, ते सगळं मागून दिसतं. आणि सफरचंदं. एक सोडून सगळ्यांना चावे.

"सांगते," मी म्हटलं. "पण मध्ये बोलायचं नाही."

ताईंनी हाताची घडी घातली. आयुष्यभर मुलांना घालायला लावली होती, स्वतः पहिल्यांदाच घातली असावी.

सासूबाईंना साखर होती. डॉक्टर म्हणाले होते, गोड जरा जपून. ताईंनी त्याचं गोड पूर्ण बंद असं केलं, आणि फळं गोड असतात म्हणून फळंही बंद. त्या रोज फोन करून विचारायच्या. घरात फळ आणायचं नाही असा हुकूम होता. फक्त माझ्या मागच्या खोलीत सफरचंदं असायची, कारण ती खायची नव्हती, काढायची होती. प्रत्येक वस्तूभोवती मी टेबलावर खडूची रेघ मारते. धक्का लागला तर परत त्याच जागी ठेवता येते. त्या टेबलाला हात लावायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

एकदा काय झालं, एका सफरचंदाची सावली मला जमेना. काल काढलेली आज चुकलेली दिसायची. फळ जरासं मागे रेललेलं वाटायचं. मी पडद्याला दोष दिला, उन्हाला दिला, स्वतःच्या डोळ्यांना दिला, सावली परत परत काढली. शेवटी वैतागून फळ बदलायला उचललं तर हातात अर्धंच आलं. मागची बाजू कोरून खाल्लेली. खाऊन परत खडूच्या रेघेवर बरोब्बर ठेवलेलं, चांगली बाजू माझ्याकडे करून. आणि चाव्याच्या मधोमध गराची एक उभी पट्टी तशीच राहिलेली. पुढचा दात नसला की राहते तशी.

"दुपारी मी जरा आडवी व्हायचे," मी ताईंना सांगितलं. "तेवढ्यात यायच्या. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मंडईतून हिरवी आणली, आंबट. म्हटलं, साखर कमी. तर त्यांनी एक चावा घेतला आणि चावा माझ्याकडे तोंड करून ठेवला. तक्रार. एवढी स्पष्ट तक्रार मला आयुष्यात कुणी केलेली नाही."

खिडकीशी नवरा खाकरला. तो हसत होता. ताईंनी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"मग मी चित्र टेकवायची घोडी उचलली आणि टेबलाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेऊन ठेवली. चोर जिथे उभा राहायचा तिथे. आणि तिथून काढायला लागले. दुपारी आई आल्या. मी झोपलेच नव्हते, दारात उभी होते. त्यांनी घोडी बघितली, चित्र बघितलं, चित्रातला चावा बघितला. म्हणाल्या, आता माझ्या बाजूने काढायला लागलीस होय! आणि माझ्यादेखत एक लाल सफरचंद उचललं, चावा घेतला, रेघेवर ठेवलं आणि म्हणाल्या, हा नीट काढ, आधीचा आंबट होता."

त्यानंतर रोजचंच झालं. मी सकाळी एक ठेवायचे, दुपारी त्या एक चावा घ्यायच्या, फार तर दोन. चावा काळा पडायच्या आत मी रंगवायचे. त्या स्टुलावर बसून मला शिकवायच्या, इथे गर जास्त पिवळा आहे, ही साल एवढी सरळ फाटत नाही. मी म्हणायचे, आई, हलू नका. त्या म्हणायच्या, मी कुठे चित्रात आहे? कुठलाही चेहरा काढताना माझ्याशी कुणी इतकं भांडलं नसतं. मला त्या दुपारी फार आवडायच्या. त्या गेल्यापासून मला दुपारी झोप येत नाही.

हे मी सांगितलं आणि ताईंची घडी सुटली.

"म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून तू फळं ठेवत राहिलीस."

"हो."

"मी रोज फोन करत होते. रोज विचारत होते. आणि तू हो हो म्हणत होतीस?"

"मी कधीच हो म्हटलं नाही. फोन आई उचलायच्या. त्या म्हणायच्या, घरात फळाचं नाव नाही." मी थांबले नाही. "आणि साखर मी मोजत होते, ताई. वाढली नाही. एका चाव्याने कुणाची वाढत नाही. वाढली असती तरी सांगते, त्या शेवटच्या दिवसांत एकच गोष्ट स्वतःच्या मनाने करायच्या. ती मी काढून घेतली नसती."

ताईंचा चेहरा लाल झाला. "चावे बुजव," त्या म्हणाल्या. "रंग आणलेत ना बरोबर? संध्याकाळपर्यंत वेळ आहे. चांगली फळं कर, मी लावते. लोकांना सांगीन, आईला फळं आवडायची. पण असलं उष्टं आणि चोरीचं माझ्या आईच्या नावावर मी भिंतीवर लावणार नाही. लोक म्हणतील, म्हातारीला उपाशी ठेवलं."

"नाही बुजवणार."

"मग फोटोच मोठा करून आणते. समोरच्या स्टुडिओत तासाभरात मिळतो."

"आणा," मी म्हटलं. तो फोटो एकदा त्या खिळ्याला लागला की संपलं. नातवंडं, पतवंडं, येणारे-जाणारे, सगळ्यांना सासूबाई म्हणजे ती तोंड मिटलेली बाई. हसणारी, भांडणारी, चोरून खाऊन वर माझ्या रंगाला नावं ठेवणारी कुणाला कळणारही नाही. पण बुजवणं मला शक्य नव्हतं. "आणा. मी माझं चित्र घरी नेते. पण ब्रश लावणार नाही."

ताई पर्स शोधायला वळल्या. आणि नवरा खिडकीपासून हलला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो. त्याने शर्टाच्या खिशातून घड्याळाच्या कामाचं भिंग काढलं, जे तो आंघोळीलाच काय तेवढं बाजूला ठेवतो, आणि ताईंच्या हातात दिलं.

"ताई, तू नीट बघितलंच नाहीस," तो म्हणाला. "इथे बघ. मधल्या पट्टीकडे."

ताईंनी चष्मा काढला, भिंग डोळ्याला लावलं आणि चित्रावर वाकल्या. एक चावा बघितला. दुसरा बघितला. प्रत्येकात ती गराची उभी पट्टी, दातांच्या दोन ओळींच्या मध्ये अंगठ्याच्या नखाएवढी.

त्या दाताची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. ताई तान्ह्या होत्या, सासूबाईंनी पापा घ्यायला तोंड खाली नेलं आणि ताईंनी डोकं वर आपटलं. दात हातात. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, माझ्या पोरीचं डोकं पहिल्यापासून दगडाचं आहे, हा बघा पुरावा. आणि ती मोकळी जागा बोटाने दाखवायच्या. बसवून घे म्हटलं तर म्हणायच्या, राहू दे, लेकीने दिलाय.

ताई वाकलेल्याच होत्या. पाठ दुखते त्यांची, तरी वाकलेल्या. मग सरळ झाल्या आणि भिंग हातात तसंच धरून नवऱ्याला म्हणाल्या, "धर ती बाजू."

"कुठली?"

"चित्राची. दुसरी मी धरते. खिळा एवढं वजन घेईल ना?"

खिळ्याने घेतलं. दोघा भावंडांनी चित्र वर लावलं, मी लांबून उजवं वर, डावं खाली असं सांगितलं. ताईंनी ऐकलं, हे विशेष. मग पदराने काच नसलेल्या चित्रावरची नसलेली धूळ पुसली.

"काय सांगायचं लोकांना?" त्यांनी विचारलं.

"जे आहे ते."

"चोरून खायची, असं?"

"हो. तसंच."

"दाताचं मात्र मी सांगणार," त्या म्हणाल्या. "तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी मान डोलावली. त्या पुन्हा भिंग लावून एकेक सफरचंद बघू लागल्या, वह्या तपासल्यासारख्या. कडेच्या शेवटच्या फळाशी थांबल्या. ते अख्खं होतं. गुळगुळीत, लाल, कुठे ओरखडासुद्धा नाही. खरं तर सगळ्या चित्रात ताईंना आवडावं असं तेवढं एकच होतं.

"हे राहिलं का? याला चावा नाही."

"ते मी त्या दिवशी सकाळी ठेवलं होतं," मी म्हटलं.

कोणत्या दिवशी ते त्यांनी विचारलं नाही. दुपारच्या आधीच आम्ही त्यांना फोन केला होता, आणि त्या पायात चप्पल न घालता आल्या होत्या.

मग माझ्याकडे न बघता, मी त्यांच्या तोंडी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "यालाही एक काढ ना. छोटासा. रंग आहेत ना तुझ्याकडे?"

मघाशी हुकूम होता, तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं. आता मला वाटलं, काढावा. कोण बघणार आहे? पट्टी कशी असते ते मला डोळे मिटूनही काढता येईल.

"नाही, ताई," मी म्हटलं. "तो त्यांनी घेतला नाही. मी काढणार नाही."

ताईंनी मान डोलावली. दाराची बेल वाजली, कुणीतरी वेळेआधीच आलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि भिंग हातात घेऊनच दार उघडायला गेल्या.