विरलंय की उसवलंय

कापड विरलंय की नुसतं उसवलंय, हे आधी बघावं. विरलं असेल तर टाकून द्यावं, उसवलं असेल तर सुई घ्यावी. लोकांचे पडदे शिवता शिवता माझे केस पांढरे झाले, तेव्हा एवढं तरी मला कळतं. पण आमच्या चिरंजीवांना कोण सांगणार! आमची जुनी गाडी, ठमी, चढावर आचके देऊन बंद पडायला लागली, तर या पठ्ठ्याने परस्पर भंगारवाल्याला फोन केला. गाडी माझी आणि सौदा याचा!

"आई, इंजिन गेलंय. गॅरेजवाला म्हणाला ना."

"गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, नाक मुरडलं आणि बंद केलं. याला तपासणं म्हणतात होय?"

"आणि या वयात शिड्यांवर चढून लोकांचे पडदे किती दिवस टांगणार? तुम्ही दोघं आमच्याकडे या. बाळ आहे घरात, आराम कर."

आराम! बाळ सांभाळणं म्हणजे आराम असं ज्याला वाटतं, त्याने ते कधी दिवसभर सांभाळलेलं नसतं. नात माझा जीव की प्राण आहे. पण ठमी गेली की कापडाचे गठ्ठे नेणार कशातून, माझ्या डोक्यावर? म्हणजे काम बंद, कात्री ट्रंकेत, आणि मी मुलाच्या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर. पोरगा वाईट नाही हो. पण माझं तो ठरवणार, हे मला मुळीच चालणार नाही.

त्यात रविवारीच चढावरच्या नव्या नाट्यगृहाचे पडदे पोचवायचे होते. लालभडक मखमल, आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. आणि भंगारवालाही रविवारी सकाळीच येणार होता.

"त्याआधी ठमी चढ चढली तर?" मी विचारलं.

तो हसला. "चढली तर कानाला खडा. पुन्हा विषय काढणार नाही."

हसला, तिथेच माझं डोकं फिरलं.

मोबाईलवर एक माणूस आहे, तोंड दाखवत नाही, फक्त हात दाखवतो आणि गाड्या दुरुस्त करतो. मी त्याला शिष्यासारखी बघत बसले. ठमीची सगळी लक्षणं त्याने जशीच्या तशी सांगितली: प्लग काळे पडलेले, त्यांच्या वायरी तडकलेल्या, एअर फिल्टर धुळीने बुजलेला. म्हणजे उसवलंय! विरलेलं नाही! मी दुकानातून नवे प्लग, नव्या वायरी, नवा फिल्टर आणला आणि शनिवारी अंगणात बॉनेट उघडलं.

मदतीला आमचे हे. यांची सगळी नोकरी दवाखान्यात गेली, ऑपरेशनच्या खोलीची स्वच्छता यांच्याकडे. तेव्हापासून घाण दिसली की यांचा हात शिवशिवतो. यांनी स्टुलावर पांढरं फडकं अंथरून सगळे पाने लहानमोठे लावून ठेवले. मी हात पुढे केला की पाना हातावर. वर विचारतात, "पेशंट कसा आहे?"

"पेशंट बरा आहे, नर्सला जरा गप्प बसवा."

एक प्लग काही केल्या हलेना. मी शिलाई मशीनचं तेल सोडलं, चहा घेतला, मग सुटला. जुन्या वायरी काढण्याआधी मी माझ्या धंद्याची रीत पाळली. जुना कपडा उसवण्याआधी आम्ही खडूने खुणा करतो, म्हणजे कुठला तुकडा कुठे जातो ते चुकत नाही. प्लगांना ठिणगी वाटून देणारी एक डबी असते, डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तिच्या एकेका भोकाशी आणि त्याच्या प्लगाशी सारख्याच रेघा मारल्या: एक, दोन, तीन, चार. जुन्या वायरी उपटल्या. तेवढ्यात नाट्यगृहातून फोन आला, पडदे उद्या नक्की ना? मी आत जाऊन त्यांना ठासून सांगितलं, नक्की.

बाहेर येऊन बघते तर इंजिन लखलखतंय. यांनी रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळं धुऊन काढलं होतं. माझ्या खुणांसकट.

"केवढं किटण होतं त्यावर! खडूसुद्धा लागलेला कुठून तरी," हे अभिमानाने म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. बोलले नाही, कारण बोलले असते तर शेजारपाजार गोळा झाला असता. अंदाजाने ओळीने लावून टाकल्या वायरी. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, आणखी काय असणार? रविवारी सकाळी बघू म्हटलं.

सकाळी चिरंजीव आले, मागोमाग भंगारवाल्याचा ट्रक. मी ऐटीत किल्ली फिरवली. ठमी फाडकन उडाली! असा बार काढला की समोरच्या बाईंच्या हातून बादली सुटली. काळा धूर, पुन्हा एक बार, आणि शांतता.

"झालं समाधान?" चिरंजीव म्हणाले. भंगारवाला निमूटपणे ट्रकची साखळी सोडायला लागला.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "हे सगळं तुमच्या फडक्यामुळे!" मी यांच्यावर ओरडले. "जन्मभर पुसत आलात, आता माझं काम पुसून टाका!" हे नुसते हातातलं फडकं घडी करत उभे राहिले, आणि मला माझीच लाज वाटली. पण त्या ट्रकसमोर रडायचं? मेले तरी नाही.

तोंड लपवायला म्हणून इंजिनावर वाकले. आणि तिथे, जिथे वर्षानुवर्षं काळ्या तेलाचा थर होता, तिथे चकचकीत लोखंडात आकडे उठून दिसत होते. १, ३, ४, २.

हात दाखवणारा माणूस म्हणाला होता खरा! ठिणगी ओळीने जात नाही, प्रत्येक इंजिनाचा क्रम वेगळा, आणि कधी कधी तो इंजिनावरच ओतलेला असतो. मी म्हटलं होतं, आपल्या खुणा आहेत, आपल्याला काय करायचंय!

"अहो, इकडे या! किल्ली जराशी फिरवा, लगेच सोडा!" मी डबीचं झाकण काढून पाहिलं. आतला काटा कुठल्या बाजूला फिरतो ते कळलं. एक नंबर झाकणावर कोरलेला होताच. तिथून काट्याच्या बाजूने तीन, मग चार, मग दोन.

"आई, पुरे आता. त्यांना उशीर होतोय."

"त्यांना बसा म्हणावं. चहा टाक त्यांना."

भंगारवाला म्हणाला, "मला काय घाई? चहा असेल तर बसतो." आणि तो खरंच पायरीवर टेकला.

झाकण बसवलं. किल्ली हातात घेतली, पण मग ती यांच्यापुढे धरली. "तुम्ही चालू करा. आकडे तुम्ही काढलेत."

यांनी हात पुसून किल्ली घेतली. ठमी एका दमात सुरू झाली. आचका नाही, धूर नाही. तेल घातलेलं मशीन चालावं तशी, एका सुरात. समोरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, चढ अजून बाकी होता.

मखमलीचे गठ्ठे मागे कोंबले, त्यांच्याखाली चिरंजीवांना कोंबलं. हे माझ्या शेजारी. चढाच्या पायथ्याशी मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू. नेहमी बंद पडायची ते वळण आलं. मी दुसरा गिअर टाकला. ठमी कुरकुरली नाही. तीन माणसं आणि नाट्यगृहाचा अख्खा पडदा घेऊन ती ठमकत वर गेली.

"बाई गं!" मी ओरडले, आणि हॉर्न वाजवला. कारण नव्हतं, तरी वाजवला.

नाट्यगृहाच्या दारात मागून मखमलीतून आवाज आला. "बरं बाबा, हरलो. ठेव गाडी. काही दिवस कर काम, माझी हरकत नाही."

मी मागे वळून पाहिलं. "हरकत? तुला विचारलं कोणी होतं?"

तो मखमलीखालून बाहेर सरकला.

"आधी हे गठ्ठे आत नेऊन टाक. मग शिडी धर, मी वर चढणार आहे. आणि परत जाताना चालत जा, मागे मापं घेताना इथे ठेवलेली माझी शिडी यायचीय, तुला जागा नाही. घरी गेलास की पायरीवर चहा पीत बसलेल्या त्या भंगारवाल्याला माझा निरोप दे. म्हणावं, यापुढे कुणी माझ्या वस्तूसाठी फोन केला, तर आधी मला विचारायचं."

त्याने खाली मान घालून पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला. मी बॉनेटवर थाप मारली. हे तिथे लागलेला माझ्या तेलकट बोटांचा ठसा पुसायला पुढे झाले, आणि मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," मी म्हटलं. "तो माझा आहे."