हळदीकुंकवाचा फोटो

मी कॅमेरा बोलतोय. हसू येतंय? येऊ द्या. माझ्यापुढे उभा राहून माणूस हसला नाही असं फार क्वचित झालंय. घरून कडाकडा भांडून आलेली जोडपीसुद्धा माझ्यासमोर एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि फोटो झाला की पुन्हा तोंडं फिरवायची. मी सगळं बघितलंय बरं का! बोललो नाही इतकंच. आज बोलतो.

माझा जन्म दूरदेशी कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला कळायला लागलं ते नाशकात. गंगापूर रोडला कुंदनचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मामांनी आखातातून येताना मला आणलं आणि मी कुंदनच्या गळ्यात पडलो तो पडलोच. लग्न, मुंज, बारसं, साखरपुडा... अक्षता आणि जिलबी यांच्यापलीकडे जगात काही असतं हे मला पहिली काही वर्षं ठाऊकच नव्हतं.

लग्नात हौशी पाहुणे फार. "ओ फोटोवाले, आमचाही एक काढा की!" कुंदन मान डोलवायचा, मला डोळ्याला लावायचा, नुसता फ्लॅश चमकवायचा आणि म्हणायचा, "झाला! छान आला!" माझं बटण त्याने दाबलेलंच नसायचं. याला आमच्या स्टुडिओत 'कोरा मारणं' म्हणत. पाहुणे खूश, रीळही शिल्लक. मला मात्र त्या वेळी अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं.

कुंदन मनाने लाख माणूस, पण धांदरट. त्याची बायको छाया शांत हाताची. रीळ भरणं, अंधाऱ्या खोलीत धुणं, फ्लॅश धरून उभं राहणं हे सगळं तिच्याकडे. बटण दाबायला मात्र तिला कुणी सांगत नसे. तीही कधी म्हणाली नाही. पण मला पुसताना ती माझ्यातून खिडकीबाहेर बघायची आणि बराच वेळ बघत राहायची.

आता मुख्य गोष्ट. सत्त्याण्णव सालचं नवरात्र. संध्याकाळी स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडे सगुणाबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आमची त्यांची ओळख नव्हती, स्टुडिओची पाटी बघून त्यांनी नंबर लावला होता.

"उद्या पहाटे नांदूरमधमेश्वरला याल का? हळदीकुंकवाचा फोटो हवाय."

"येऊ की बाई. किती जणी असतील?"

"छे हो, एकच जोडी. त्यातली ती बसलेली असते, हलत नाही. दोन-चार दिवसांत पिल्लं होतील. फार लाजरी आहे, गडबड चालायची नाही. आणि फोटो परवा सकाळी हातात पाहिजे. फार निकड आहे."

कुंदनने फोन ठेवला आणि छायाला सांगितलं, "हळदीकुंकू आहे, आणि बहुतेक डोहाळजेवणही. बाई लाजरी आहे म्हणे. आणि 'पिल्लं' म्हणाल्या, म्हणजे जुळं असणार! तू चल बरोबर, बायकांत मला एकट्याला अवघड होतं."

मग काय विचारता! छायाने येवल्याची हिरवी पैठणी नेसली, ओटीसाठी खण-नारळ घेतला. कुंदनने लालभडक शर्ट घातला आणि अत्तरही लावलं. पहाटे स्कूटर निघाली. मी आपला छायाच्या मांडीवर, पिशवीत, नारळाशेजारी.

तळ्याकाठी पोचलो तर ना मांडव, ना रांगोळी. पाणीच पाणी, आणि त्यावर पक्ष्यांचा हा कलकलाट! काठावर खाकी टोपी घातलेल्या, गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या सगुणाबाई उभ्या. त्यांनी पैठणीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हळदीकुंकू म्हणजे बदक! चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि कपाळाशी कुंकवासारखे दोन ठिपके, म्हणून त्याला हळदीकुंकू बदक म्हणतात!"

कुंदनचं तोंड बघण्यासारखं झालं. छाया पदराआड हसत सुटली. "जुळं म्हणे!" एवढंच ती म्हणू शकली.

पण बाई हसत नव्हत्या. डोळे भरून आले होते त्यांचे. त्या काठाचं गवत कापून पायवाट करायचं काम सोमवारी सकाळी सुरू होणार होतं, आणि त्याच गवतात मादी अंड्यांवर बसली होती. कामावरचे मुकादम म्हणाले होते, "बाई, ही बदकं हिवाळी पाहुणी. इथं कशाला घरटी करतील? फोटो दाखवा, तेवढा तुकडा सोडतो. नुसत्या बोलण्यावर माणसं कशी थांबवू?" तसं त्यांचंही चूक नव्हतं. दोन दिवस बाईंनी फोटोसाठी वणवण केली होती, पण सणासुदीत कुणाला सवड नव्हती.

"उद्या विळे चालले की संपलं सगळं," बाई म्हणाल्या.

कुंदनला ते लागलं. "काढू बाई, फोटो काढूच," म्हणाला. पण काढायचा कसा? माझ्याजवळ लग्नातलं साधं भिंग, लांबचं दिसायचं नाही. घरट्याजवळ होडीनेच जावं लागणार होतं. होडी मासे धरणाऱ्या झुंबरची. त्याने कुंदनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दादा, ह्या लाल शर्टापुढं ती बसून ऱ्हायची नाय. लांबूनच उडंल. वहिनींचं लुगडं हिरवं हाय, गवतात मिसळून जातंय. त्यांनाच बसू द्या."

शर्ट काढावा तर आत पांढराशुभ्र बनियन. कुंदनने एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा छायाकडे. जुनं रीळ संपत आलं होतं. त्याने घाईघाईने ते काढून नवं भरलं आणि मला तिच्या हातात दिलं. "सगळं लावून दिलंय. तू फक्त बटण दाब." छायाने पदर खोचला आणि ती होडीत चढली.

झुंबरने बांबूने होडी ढकलली. गवत बाजूला होत गेलं, आणि ती दिसली. पिसांचा रंग वाळल्या गवताचा, चोचीचं टोक पिवळंधमक, कपाळाशी लाल ठिपके. मी इतक्या नवऱ्या बघितल्या हो, पण एवढी ऐटीत बसलेली एक नाही!

छायाने बटण दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्.

आणि माझ्या पोटात गोळा आला. नव्हे, गोळा यायला पोटात काही हलायला तर हवं! कुंदनच्या धांदलीत रिळाचं टोक दात्यांत अडकलंच नव्हतं. रीळ जागचं हलत नव्हतं. खट् खट् नुसता आवाज, सगळे फोटो कोरे! अगं बाई, थांब, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठलं? मनात म्हटलं, जन्मभर पाहुण्यांना कोरे मारले, आता हिच्याच वाट्याला कोरा यावा ना!

"झालं ना वहिनी? फिरवू होडी?" झुंबर कुजबुजला.

छाया माझ्या डोक्यावरच्या डावीकडच्या किल्लीकडे बघत होती. रीळ पुढे सरकलं की ती किल्ली आपोआप फिरते. तिने रीळ सरकवायचा खटका ओढला. किल्ली ढिम्म. पुन्हा ओढला. ढिम्मच.

"थांबा झुंबरभाऊ. हे सगळं कोरं गेलंय."

तिने मला मांडीवर घेतलं, वरून पैठणीचा पदर ओढला, आणि त्या जरीच्या सावलीत माझी पाठ उघडली. रिळाचं टोक हलकेच दात्यांत बसवलं, झाकण लावलं, खटका ओढला. किल्ली फिरली! माझा जीव भांड्यात पडला, काय सांगू तुम्हाला.

तेवढ्यात अंडी फिरवायला मादी जराशी उठली. खाली पांढरट अंड्यांचा ढीग. छायाने श्वास धरला आणि बटण दाबलं. या वेळी मात्र माझ्या पोटात रीळ सुळकन पुढे सरकलं.

काठावरून कुंदन हातवारे करून विचारत होता, निघाला का? होडी टेकल्यावर छाया म्हणाली, "निघाला. पण तुमचं सगळं लावून दिलेलं रीळ आहे ना, ते जागचं हललंच नव्हतं." कुंदनने कान पकडले. ओटीचा नारळ बाईंनी छायाच्याच ओटीत घातला. "तिला कुंकू लावायला नको," गवताकडे बघत त्या म्हणाल्या, "ती लावूनच आलीय."

सोमवारी सकाळी फोटो मुकादमांच्या हातात होता. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आयला, खरंच की! अंडीसुद्धा!" मग स्वतः जाऊन त्यांनी त्या तुकड्याभोवती दोरी बांधली. दसरा झाल्यावर बाईंचा फोन आला. पिल्लं आईमागे पाण्यात उतरली होती. छाया फोन धरून रडत होती, आणि कुंदन घाबरून विचारत होता, "काय झालं? काय झालं?" काही नाही रे बाबा, सगळं नीट झालं!

आता दोन हजार नऊ साल आहे. रिळं गेली, मीही कामातून गेलो. छायाकडे लांब नळीचा नवा कॅमेरा आहे. दर रविवारी ती बाईंबरोबर तळ्यावर जाते, आणि स्टुडिओच्या भिंतीवर नवऱ्या कमी, बदकं जास्त झालीत. कुंदन होडीत शहाण्यासारखा मातकट शर्ट घालून बसतो.

मी फळीवर असतो. पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते ना, तेव्हा छाया पाटावर नव्या कॅमेऱ्याआधी मला ठेवते. हळद लावते, कुंकू लावते. मग मीही त्या मादीसारखाच दिसतो, आणि ऐटीतच बसतो.

एकच मागणं आहे, छाया. येत्या रविवारी मलाही घेऊन चल. त्या गवतापुढे धर आणि बटण दाब. रीळ नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यासाठी एक कोरा मार.