आतल्या बाजूची कडी

सकाळी दहा वाजता बाहेरून दार ढकललं गेलं आणि ते उघडलं नाही.

घडलं एवढंच. पण आमच्या शहरात एवढं पुरतं. ते दार मी धरून ठेवलं होतं. मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब, टोकाशी खाच असलेली. चौकटीवरच्या कोयंड्यात ती खाच बसली की दार बंद. मला येतं ते एवढंच.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं आणि पाण्यात बुडवलं. चर्र झालं तेव्हा मी फार घाबरले होते. ती माझी पहिली भीती. आता तिचं हसू येतं.

एका बेकरीवाल्याने मला विकत घेतलं. त्याचं नवं लग्न झालं होतं आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्याने स्वतःच्या हाताने मला दाराच्या आतल्या बाजूला बसवलं.

"वाकडी बसली," बायको म्हणाली.

"बसली ना? मग झालं."

पुढे कितीतरी वर्षं मी त्या घरात सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य होतं, "कडी लाव गं." बेकरीवाल्याची मोठी बहीणही त्यांच्याकडे राहायची, आतल्या खोलीत शिवणकाम करायची. कडी लावल्यावर माणसं काय करतात, असं तुम्ही विचाराल. बहुतेक वेळा काहीच करत नाहीत. पाय पसरून बसतात. तोंड वेडंवाकडं करून जांभई देतात. रडायचं असेल तर रडतात. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे आहे. थोडा गर्वही होता.

मग उघड्या दारांचा हुकूम निघाला. भिंतीभिंतींवर लिहिलं गेलं : ज्याला लपवायचं नाही, त्याला कडी कशाला? ट्रक फिरू लागले. लोक आपापल्या कड्या आणून त्यात टाकत. तो खणखणाट मी दारामागून ऐकला. माझ्याच जातीचा आवाज, पण मला त्यातलं कोणीच ओळखू येईना.

त्यानंतर करड्या शर्टातली माणसं वाटेल तेव्हा वाटेल त्या घराचं दार ढकलू लागली. ती दार वाजवत नसत. लोक त्यांना ढकले म्हणू लागले.

"चला, बेलच्या सेलचा खर्च वाचला," बहीण म्हणाली. त्या दिवशी तिघंही हसली. नंतर असल्या गोष्टीवर त्या घरात कोणी हसलं नाही.

बेकरीवाल्याने स्वयंपाकघराची कडी देऊन टाकली, कपाटाचीही दिली. मला मात्र दिलं नाही. कारण सांगते. त्याची रात्रपाळी असायची. सकाळी घरी येऊन तो झोपायचा, आणि झोपेत बोलायचा. जागेपणी मोजून बोलणारा हा माणूस झोपेत धाकट्या भावाशी गप्पा मारायचा. धाकटा सक्तीच्या कामावरून पळाला होता आणि ढकले त्याला शोधत होते. तो कुठे लपलाय हे फक्त बेकरीवाल्याला ठाऊक होतं. त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण झोपेत तो ठिकाणासकट बोलायचा. त्यामुळे बायकोला कळलं, बहिणीला कळलं आणि मलाही कळलं.

म्हणून रोज सकाळी तो आडवा झाला की बायको मला आणि कोयंड्याला स्क्रूने दारावर बसवायची. तो उठला की काढून पिठाच्या डब्यात पुरून ठेवायची. रोजच्या काढघालीने भोकं मोठी झाली. मग ती त्यांत काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू घट्ट करायची. पिठात काळोख असतो. तिथे मी नुसती वाट पाहायचे.

पहिल्यांदा दार ढकललं गेलं तेव्हा माझे स्क्रू काढता काढता बायको ओरडली, "दार फुगलंय साहेब! ओलीने धरलंय. जरा खालून जोर लावा!" तोवर मी तिच्या पदराखाली होते. दार धाडकन उघडलं. ढकल्यांचा अंमलदार सभ्य होता. त्याने आवाजही चढवला नाही.

"असं चालणार नाही, वहिनी," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास, आम्हाला त्रास. सुतार पाठवतो."

त्याच दुपारी सुतार आला. त्याने दाराची कड रंध्याने तासली. तासताना त्याची बोटं काड्या भरलेल्या भोकांवरून फिरली आणि थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं.

"भोकं आहेत," तो म्हणाला.

"जुनी आहेत," ती म्हणाली.

"हो, जुनीच दिसतात." त्याने रंधा झटकला आणि तो गेला.

दार फुगल्याच्या त्या थापेने आमचा घात केला. आता दार लोण्यासारखं फिरत होतं, म्हणजे फुगल्याचं पुन्हा सांगता येणार नव्हतं.

"आता हिला नको लावूस," बहीण म्हणाली. "देऊन टाक कुठेतरी."

"आणि हे झोपणार कसे, ताई?"

"तोंडावर उशी ठेवू."

"तुम्ही ठेवा. तुमचा भाऊ आहे."

शेवटी ठरलं की बहिणीने शिलाईचं यंत्र खिडकीशी घ्यायचं आणि शिवता शिवता रस्त्यावर नजर ठेवायची. करडा शर्ट दिसला की मला काढायचं. काही आठवडे हे जमलं. पण त्या सकाळी ढकले रस्त्याने आलेच नाहीत. ते पहाटेपासून वरच्या मजल्यावर एका घरात बसले होते, तिथूनच खाली उतरले.

दार ढकललं गेलं. मी धरून ठेवलं. बाहेरून पुन्हा कोणी ढकललं नाही, हाकही मारली नाही. बायको स्क्रू फिरवत होती. घाईत स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटत होता आणि मला ओरखडे पडत होते. बहीण भावाला उठवायला आतल्या खोलीत धावली. पण त्याआधीच त्या शांततेत तो झोपेत बोलला, अगदी स्पष्ट, प्रेमाने :

"धाकट्या, तिथून हलू नकोस. मी पाव घेऊन येतो."

ठिकाण त्याने सांगितलं नाही. बाहेर कोणीतरी घसा खाकरला. मग मी सुटले, जमिनीवर पडले, आणि दार उघडलं.

त्याला बनियनवरच नेलं. अजून तो पुरता जागा झाला नव्हता. उंबऱ्याशी वळून त्याने बायकोला विचारलं, "मी काय बोललो गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "चप्पल घाला."

अंमलदाराने मला उचललं, उलटसुलट पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायची?" त्याने सुताराला पुन्हा बोलावलं.

मित्रांनो, आता मी त्याच दारावर आहे, पण बाहेरच्या बाजूने. माझ्या कोयंड्यात कुलूप आहे आणि किल्ली ढकल्यांकडे. आत बेकरीवाल्याची बायको आणि बहीण आहेत. धाकट्याचा पत्ता सांगेपर्यंत त्यांनी बाहेर यायचं नाही. दिवसातून एकदा कुलूप निघतं, पाणी आणि शिळा पाव आत सरकवला जातो, "आठवलं का?" असं विचारलं जातं आणि पुन्हा कुलूप लागतं. आयुष्यभर मी ज्यांना जपलं, त्यांना आता मीच कोंडून ठेवते. मला तोंड नाही, हात नाही, लाज मात्र आहे.

एक गोष्ट त्या दोघींना माहीत नाही. अंमलदार जिन्यात विडी पेटवत होता तेव्हा सुताराने पिशवीतून लांब स्क्रू काढले, हातात तोलले आणि परत टाकले. मला आणि कोयंड्याला त्याने बसवलं ते नखाएवढ्या आखूड स्क्रूंनी. आतून कोणी सगळा जोर लावून दार ओढलं तर आम्ही टिकणार नाही. सुतार हे बोलू शकला नाही, अंमलदार दोन पायऱ्यांवर होता. मीही सांगू शकत नाही.

जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपून वापरा, हळू हाताळा. मी उलट सांगते. तुमच्या घराची कडी दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते आज बघा. आणि ती बाहेर असेल, तर तिची दयामाया करू नका.

बेकरीवाल्याची काही बातमी नाही. अंमलदार अजून रोज पत्ता विचारतो, म्हणजे धाकटा सापडलेला नाही. आज सकाळी आतून दार एकदा ओढलं गेलं, अगदी हलकेच. कोयंड्याचा वरचा स्क्रू सूतभर बाहेर आला. मग आतून बहिणीचा आवाज आला, "नको गं, ऐकतील," आणि ओढणं थांबलं.