माझ्याकडं बघून बोला

माझ्या सासूबाईंनी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. टीबी त्यांना कधी नव्हताच.

थुंकीच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. तरी लातूरच्या त्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, टीबीच वाटतोय म्हणाले आणि गोळ्या सुरू केल्या. आम्ही दर महिन्याला जायचो. खोकला वाढत होता, ब्लाऊज ढिले पडत होते, आणि डॉक्टर दर वेळी कोर्स पूर्ण करा एवढंच सांगायचे. मीही त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं. आजही ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. सहाव्या महिन्यात खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला आणि आम्हाला नांदेडचा रस्ता दाखवण्यात आला.

सासूबाईंचं नाव शिवकांता. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं आणि नवरा, महादेवप्पा, गेला. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्या लातूरला आल्या. पुढे शहरात क्लासेस वाढले, बाहेरगावच्या मुली शिकायला येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी क्लासच्या गल्लीत मुलींसाठी मेस काढली. त्या मेसवर शिकलेला त्यांचा मुलगा वैजनाथ, म्हणजे माझे यजमान, त्याच गल्लीत बायोलॉजी शिकवतात. डॉक्टर व्हायला निघालेली तीनशे पोरं एका बॅचला समोर असतात.

दोन हजार अठराच्या जानेवारीत आम्ही तिघं फुफ्फुसातून काढून तपासायला दिलेल्या तुकड्याचा रिपोर्ट घ्यायला नांदेडच्या दवाखान्यात गेलो. वैजनाथांनी आधीच आत जाऊन सांगून ठेवलं होतं, आईसमोर काही बोलू नका. आत्याबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही दोघं आत गेलो. तिथल्या डॉ. नाझनीन यांनी सांगितलं, फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. फुफ्फुसाभोवती पाणी झालंय, पाठीच्या मणक्यातही पसरलाय. त्याच तुकड्याचा काही भाग आणखी एका तपासणीसाठी मुंबईला पाठवला होता. तो रिपोर्ट आल्यावर औषध ठरणार होतं. वैजनाथांनी किती दिवस म्हणून विचारलं, पण उत्तर ऐकायच्या आत त्यांना रडू फुटलं.

परत येताना त्यांनी आईला सांगितलं, जुनी सर्दी छातीत मुरलीय, थोडी इंजेक्शनं घ्यावी लागतील. आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

पुढचे दहा दिवस आमच्या घरात कुजबुजच चालू होती. त्या स्वयंपाकघरात आल्या की आम्ही गॅसची, दुधाची गोष्ट काढायचो. त्यांचे थोरले भाऊ नागप्पामामा निलंग्याहून आले आणि त्यांनी सगळ्यांना बजावलं की शिवकांताच्या कानावर गेलं तर ती हाय खाईल. नातेवाईक मला कोपऱ्यात गाठून विचारायचे, मिश्री लावत होत्या का, तंबाखू होती का. त्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. पण विचारणाऱ्यांना बाईची काहीतरी चूक हवीच होती. आणि जिच्या छातीत तो रोग होता तिला मात्र कुणी काहीच विचारत नव्हतं.

एका दुपारी मी भाजी निवडत होते. आत्याबाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कॅन्सर हाय न्हवं?"

मी खाली मान घालून हो म्हणाले. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

त्यांना कसं कळलं तेही मग त्यांनी सांगितलं. नांदेडला बाकावर त्यांच्या शेजारी कंधारच्या कमरुन्निसा नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं होतं, तुम्हाला कुठला? आत्याबाईंना प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी समजावलं, इथं बसलेल्या सगळ्यांना तोच आजार, फक्त जागा वेगवेगळ्या. "परक्या बाईनं सांगितलं मला," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या घरात एवढी माणसं हायत."

मग त्यांनी विचारलं, वैजनाथ क्लासमध्ये फुफ्फुस कधी शिकवणार. मी टाइमटेबल बघितलं. मंगळवारी सकाळी श्वसनसंस्था होती. म्हणाल्या, मला तिथं घेऊन चल.

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. वैजनाथ पांढऱ्या फळ्यावर आकृती काढत होते. श्वासनलिका, तिचे दोन फाटे, उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश. हे सांगायला ते वळले आणि आई दिसली. मार्कर तसाच हातात राहिला. पोरं वळून बघू लागली, तशी त्यांनी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं आणि तास पुरा केला. एका मुलीनं विचारलं की फुफ्फुसात पाणी होतं म्हणजे नेमकं कुठे होतं. त्यांनी तेही सांगितलं, आवरणाच्या दोन थरांच्या मध्ये, आणि त्यामुळे दम का लागतो तेही. आत्याबाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मधूनच तोंडावर पदर धरून खोकत होत्या.

तास सुटल्यावर आम्ही शिक्षकांच्या खोलीत गेलो. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आत्याबाईंनी आवाज चढवला नाही.

"तीनशे लेकरांना समजंल असं शिकवतूस. सातवी शिकलेल्या मलाबी समजलं. आन् मला काय म्हणलास? सर्दी मुरली."

"तू खचशील म्हणून, आई."

"तेव्हाबी हेच म्हणले होते सगळे."

तेव्हा म्हणजे भूकंपात. आत्याबाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्या लातूरच्या दवाखान्यात होत्या. महादेवप्पा भूकंपाच्या पहाटेच घराखाली दबून गेले होते. पण नागप्पामामांनी ठरवलं की हिला सांगायचं नाही. मालक सोलापूरच्या दवाखान्यात आहेत, सुधारतायत, असं त्यांना दहा दिवस सांगितलं. त्या रोज विचारायच्या, आज जेवले का. अकराव्या दिवशी कळलं तेव्हा माती देऊन कधीच झालं होतं.

"तू माझ्या उशाशी बसला होतास," त्या मुलाला म्हणाल्या. "तुला ठावं होतं. तुला गप बसायला सांगितलं होतं. नऊ वर्षांचं लेकरू, मी तुला कधी बोल लावला न्हाई. आता तू चौतीसचा हाईस. माझं मरण माझ्यापासून दडवायचा हक तुला कुणी दिला?"

वैजनाथ खुर्चीत बसून दोन्ही हातांत तोंड झाकून रडले. आत्याबाईंनी त्यांना रडू दिलं. मग फळ्यावर काढली तशी आकृती कागदावर काढायला सांगितली आणि म्हणाल्या, यात माझा रोग कुठं हाय तेवढं दाखव.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. या वेळी त्या आत बसल्या. डॉ. नाझनीन सवयीनं वैजनाथांकडे बघून बोलू लागल्या. आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. "बाई, रोग मला झालाय. माझ्याकडं बघून बोला."

डॉक्टर ओशाळल्या. त्यांनी खुर्ची वळवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. रोग फुफ्फुसाबाहेर गेलाय, म्हणून ऑपरेशनचा उपयोग नाही. तो मुळापासून जाणार नाही, पण आवरता येईल. मुंबईचा रिपोर्ट आला होता आणि गाठीच्या जनुकांत गोळी लागू पडेल असा एक विशिष्ट बदल सापडला होता. तेव्हा सलाईनमधून केमो देण्याऐवजी रोज एक गोळी. तिनं अंगावर पुरळ येईल, जुलाब होतील, पण केमोपेक्षा सुसह्य. पाठ दुखली तर तेवढ्या जागेवर रेडिएशनचा शेक. आणि काहीच उपचार नको असतील तर नुसतं दुखणं आणि दम कमी ठेवायचा, हाही एक मार्ग आहे.

आत्याबाईंनी विचारलं, किती दिवस.

"एका माणसाचा आकडा मी सांगू शकत नाही. गोळी लागू पडली तर बऱ्याच जणांचं वर्षभर चांगलं जातं, काहींची दोन-तीन वर्षं. मग रोग गोळीला दाद देत नाही. काहीच केलं नाही तर बहुधा काही महिने."

"दम कोंडून मरण येतं का?"

वैजनाथ उठून उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना हातानं बसवलं आणि सांगितलं, दम लागू शकतो, पण पाणी काढता येतं, मॉर्फिन देता येतं, त्यासाठी वेळेवर सांगायचं, सोसत बसायचं नाही. आत्याबाईंनी मान डोलावली. आणखी एकच गोष्ट विचारली. सहा महिने आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाल्या, कदाचित लवकरची स्टेज असती, कदाचित नसती, पण हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

घरी यायच्या आधी आत्याबाई त्या लातूरच्या डॉक्टरांकडे गेल्या. भांडल्या नाहीत. समोर रिपोर्ट ठेवला आणि म्हणाल्या, चुकलं एवढं म्हणा. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आत्याबाईंनी रिपोर्ट उचलला. जिना उतरताना माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

गोळीनं तोंडभर पुरळ आलं, नखांच्या कडा सुजल्या. पण दीड महिन्यात खोकला गेला. चौदा महिने त्या बऱ्या होत्या. मेस त्यांनी स्वतः महादेवी नावाच्या बाईच्या हवाली केली, तिला महिनाभर आमटीचा मसाला शिकवला. कंधारला जाऊन कमरुन्निसाबाईंना भेटून आल्या. ज्या मुली त्यांच्या मेसवर जेवून डॉक्टर झाल्या होत्या त्यांना फोन लावून सांगायच्या, म्हाताऱ्या बाईला बाहेर बसवून पोराशी बोलू नका.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा दम लागू लागला. डॉक्टरांनी केमोचं सांगितलं. आत्याबाईंनी दोन वेळा घेतली, तिसऱ्या वेळी नको म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी विनवणी केली. वैजनाथ पाय धरायला गेले. त्यांनी ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये दिवसा, घरात, औषधाच्या गुंगीत त्या गेल्या. दम कोंडला नाही.

मातीहून परतल्यावर नागप्पामामा ओसरीवर बसून म्हणाले, तिला सांगितलं नसतं तर अजून वर्षभर जगली असती.

मी मोठ्यांसमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "मामा, महादेवप्पांचं तोंड त्यांना बघू दिलं नाहीत. तो निर्णय तुमचा होता. हे दीड वर्ष त्यांचं होतं. त्याला हात लावू नका."

कुणीतरी वैजनाथांकडे बघून म्हणालं, बायकोला आवरा. वैजनाथ माझ्या शेजारी येऊन बसले.