दोन भावांचा पंच

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझ्या पंख्याची घरघर मनावर घेऊ नका. देवाच्या कृपेने मी भंगारात जाता जाता कसा वाचलो, त्याची गोष्ट सांगतो.

मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे असा संगणक, की ज्याला ना पडदा ना बटणे. नुसते ओझे वाहायचे. एका मोठ्या कंपनीतल्या सगळ्या शाखांचे निरोप, कागद आणि बैठका माझ्यातून जात. कुणी कुणाला "जेवलास का?" असे विचारले, तरी ते माझ्याच पोटातून! तरुणपणी माझ्या वेगाचे कौतुक होई. मग शाखा वाढल्या, माणसे वाढली आणि मला धाप लागू लागली. लोक माझ्या डोक्यावर रिकामी खोकी ठेवू लागले, तेव्हाच मी ओळखले, आपले दिवस भरले.

नवी यंत्रे किती आणि कशी बसवायची, हे ठरवण्याचे काम यंत्रे सांभाळणाऱ्या आमच्या ताईंकडे होते. त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. एक थोरला, काम करणारा. एक धाकटा, थोरला पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा. आणि तिसरा पंच.

"तिसरा कशाला? पत्ते कुटायला?" साहेब हसले.

"भावाभावांत वाद झाला तर, साहेब?"

"यंत्रं कुठं भांडतात होय, ताई!"

तिसरा चौकोन पुसला गेला. दोघे भाऊ आले, नवरदेवासारखे चकचकीत. क्षणोक्षणी एक विचारी, "आहेस ना?" दुसरा म्हणे, "आहे." सगळा कारभार थोरल्याकडे गेला आणि मला कोपऱ्यात सारले. उद्घाटनाच्या दिवशीच दुपारी भंगारवाला येणार होता.

सकाळी उद्घाटन झाले. साहेब फोटोसाठी दोघांच्या मध्ये घुसले आणि त्यांचा पाय लागून भावांमधली तार निसटली. झाले! थोरल्याला वाटले, धाकटा गेला; त्याने सुस्कारा सोडून काम चालू ठेवले. धाकट्याने "दादा गेला हो!" म्हणून टाहो फोडला आणि डोळे पुसायच्या आत तो गादीवर बसला. एका राज्याला दोन राजे! अर्धी माणसे याची रयत, अर्धी त्याची.

साहेबांनी निरोप धाडला, "बैठक वर नाही, खालच्या दालनात." तो अर्ध्यांनाच पोचला. विक्रीवाले खाली, हिशेबवाले वर. दोन्हीकडे एकच कुरकुर, "त्या लोकांना वेळेची किंमतच नाही!" खाली साहेबांचे भाषण रंगले, आणि ज्यांच्यासाठी ते रचले होते त्या कंपनीच्या मालकीणबाई वर घड्याळाकडे बघत बसल्या.

ताई धावत आल्या. त्यांनी तार जोडली, तर दोघेही म्हणू लागले, "मीच थोरला!" शेवटी धाकट्याला गप्प करून त्याच्याकडचे निरोप एकेक करून थोरल्याकडे न्यावे लागले. मालकीणबाई कडाडल्या, "असं पुन्हा होणार नाही हे आजच्या आज दाखवा. नाहीतर ही यंत्रंही जातील आणि ताई, तुम्हीही."

आजच्या आज नवा पंच कुठून आणणार? ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. इतक्यात भंगारवाला माझ्याभोवती दोरी आवळू लागला. ताईंची नजर माझ्यावर खिळली.

"दादा, सोडा ती दोरी!"

"हा पंच?" साहेब म्हणाले. "अहो, याला धाप लागते!"

"धाप लागली तरी 'थोरला आहे' एवढं सांगता येतं, साहेब. दुसरं कामच नाही त्याला."

ताईंनी दोघा भावांपासून वेगवेगळी तार माझ्यापर्यंत आणली. मग मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने भावांमधली तार उपसली. ताईंनी डोळे मिटले. धाकटा ओरडलाच, "दादा गेला हो!"

मी म्हणालो, "नाही रे बाळा. मला दिसतोय तो. बस खाली."

तो मुकाट बसला. वरच्या मजल्यावर कुणाचा निरोप अडला नाही, कुणाचे बोलणे तुटले नाही, कुणी मान वर करूनही पाहिले नाही. मालकीणबाई एवढेच म्हणाल्या, "ताई, चहा घेणार?"

मित्रांनो, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला तो असा! जुन्या यंत्राला मोडीत काढण्याआधी त्याला झेपेल असे काही काम आहे का, ते बघा. त्याची धूळ पुसा. आणि तुमचा निरोप बिनबोभाट पोचला, की देवाचे नाव घ्या, अन् त्याच श्वासात आमच्या ताईंचीही आठवण काढा. काही बिघडले नाही, की त्यांची आठवण कुणालाच येत नाही हो!