मास्तरांची हरवलेली शीर

मास्तरांच्या हातावरची शीर अलीकडे त्यांच्याशी लपंडाव खेळत होती. हिमोफिलिया जन्माचाच, रक्त लवकर गोठायचं नावच घेत नाही. म्हणून रक्त गोठवणारं औषध ते एक दिवसाआड स्वतःच शिरेत टोचून घेत. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढावं, तितक्या सफाईने. आता मात्र सुई भलतीकडेच जाई, मनगटाच्या मागे जांभळे डाग उठत, आणि मास्तर सगळं गुंडाळून म्हणत, "आज राहू दे. उद्या बघू."

अशा 'उद्या बघू'ने गुडघा सुजला, तेव्हा मास्तरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात आणलं. बाईंनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, पण मास्तरांची बायको म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत.

डॉक्टर म्हणाले, "या वयात शिरा थकतात. तसं असेल तर छातीवर कातडीखाली एक छोटी डबी बसवू, औषध त्यातून देता येईल. छोटंसं ऑपरेशन. पण आधी सिस्टरना हात दाखवा."

यांचा साधा दात काढला, तेव्हा रक्त थांबेपर्यंत बाईंनी देव पाण्यात घातले होते. यांना कसलं आलंय छोटं ऑपरेशन! सिस्टरच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचे ओठ आपसूक हलू लागले.

सिस्टर खणखणीत आवाजाची. मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधून तिने हाताच्या मागच्या बाजूला बोट दाबलं. "शीर तर चांगली सुतळीसारखी लागतेय! घरी कसं टोचता ते करून दाखवा बरं."

मास्तरांनी सुई उचलली. मान मागे, हात जमेल तितका लांब, डोळे बारीक.

"अहो मास्तर, सुईला घाबरता की काय? इतक्या लांबून तर मी नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही."

"तुमच्या खोलीत उजेड कमी आहे."

"घरीही हेच म्हणतात," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "दोनदा दिवा बदलला."

सिस्टरने औषधाची बाटली मास्तरांपुढे धरली. "यावरची तारीख वाचा."

मास्तरांनी बाटली पुढे केली, मागे केली. "हल्ली छापतातच बारीक."

"पेपर वाचता ना रोज?"

"ही वाचून दाखवते. कोपर आखडल्यापासून पेपर धरवत नाही मला."

सिस्टर हसली. शाळेपासून मास्तरांच्या नाकावर बसलेला लांबचा जाड चष्मा तिने सरळ उचलून टेबलावर ठेवला. "आता बघा."

मास्तरांनी हात जवळ घेतला. कातडीवरची लव दिसली, सुरकुत्या दिसल्या, आणि त्यांच्यामधून गेलेली निळसर, ठसठशीत शीर दिसली. त्यांनी सुई टेकवली. सुईच्या नळीत लालचुटूक रक्त सरकलं. पहिल्याच फटक्यात.

मास्तरीणबाईंचा जप मध्येच थांबला.

"शिरा ठणठणीत आहेत," सिस्टर म्हणाली. "डोळ्यांना चाळिशी लागलीय, तीही केव्हाचीच. डॉक्टरांना सांगते मी, डबीबिबी काही नको. तुम्ही चष्मा बदला. आणि 'उद्या बघू' बंद!"

"पण मला कशी..." मास्तर पुटपुटले. "मला चाळिशी?"

त्यांच्या आईला कुणा डॉक्टरने सांगितलं होतं, पोरगा विशी बघणार नाही. मास्तर तेव्हापासून रक्तावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत आले होते; डोळ्यांकडे बघायचं राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर बाईंना आधी रडू आलं, मग हसू. "इतकी वर्षं देवाकडे तुमचं म्हातारपण मागतेय मी. त्याने मुकाट्याने दिलं, आणि तुम्ही दिव्याला दोष देत बसलात!"

"तुला तरी कुठे कळलं?"

"मी डोळे मिटून बसते ना तुम्ही टोचताना."

वाटेतच चष्म्याचं दुकान लागलं. दुकानदाराने नंबर काढला आणि विचारलं, "वय किती, काका?"

मास्तरांनी वय सांगितलं. मग, कुणी विचारलं नसतानाही, जरा मोठ्याने, पुन्हा एकदा सांगितलं.