माझ्या अंगावरचा चोरीचा रंग

मी चांदीचं एक जुनं नाणं बोलतोय. सध्या एका बाईंच्या टेबलाच्या खणात असतो. त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

टाकसाळीत पोलादाच्या दोन ठशांमध्ये दाबून मला घडवलं. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला गव्हाची लोंबी, कडेने अक्षरं. पोत्यात पडताना दुसऱ्या नाण्याचा टोला बसून कडेला एक खळगा पडला, तेवढं सोडलं तर मी देखणा होतो. पुढे शिलाईच्या पैशांत मी एका शिंप्याच्या हाती आलो. त्याने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे काही खर्चायचं नाही बुवा."

त्याने मला कागदाच्या पुडीत बांधून गुंड्यांच्या लाकडी डब्यात ठेवलं. तिथे मी चाळीस वर्षं राहिलो. कागद आणि हवा यांची संगत चांदीला फार सावकाश लागते. आधी कडेला पिवळसर झाक आली, मग ती तांबूस झाली, मग निळी. रंग कडेकडून आत सरकायचा आणि अक्षरांपाशी अडखळायचा. प्रत्येक अक्षराभोवती एक फिकट रेघ सोडून पुढे जायचा. शिंपी वर्षातून एकदा पुडी सोडायचा. माझ्या दोन्ही बाजूंना बोट लागू न देता मला कडेने धरायचा आणि खूश होऊन म्हणायचा, "पिकतंय!"

तो गेल्यावर त्याच्या मुलीने डबा उघडला. "अगं बाई, बाबांच्या वस्तूवर केवढा मळ चढलाय!" म्हणत तिने दंतमंजन आणि जुना ब्रश घेतला. घासताना तिचे डोळे वाहत होते. तिच्या मायेत काही खोट नव्हती. पण घटकाभरात माझी चाळीस वर्षं मोरीतून वाहून गेली. मी लख्ख झालो, आणि अंगभर केसासारखे चरे उमटले.

ती लहान खोलीत राहायला निघाली होती. शिंप्याचं यंत्रही विकलं होतं. मला घेऊन ती जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. हा ताईंचा धाकटा भाऊ. मला पाहून तो चुकचुकला.

"घासलंत होय? अहो, न घासता आणलं असतंत तर दहापट किंमत आली असती. आता चांदीचा भाव, बस."

तिचा चेहरा एवढासा झाला. मिळाले ते पैसे न मोजताच ती निघून गेली.

भावाने मला मागच्या खोलीत नेलं, पत्र्याच्या डब्यात गंधकावर ठेवलं आणि खालून आच दिली. जीव गुदमरला. दुपारपर्यंत माझ्या अंगावर जांभळा, निळा, सोनेरी असे रंग चढले होते. चाळीस वर्षांचं काम चार तासांत!

नाण्यांची पारख दोघं भावंडं वडिलांकडे शिकली, पण नजर आली ती ताईंना. ताईंच्या सहीचं कार्ड सोबत असलं की संग्राहक दुसऱ्या कुणाला विचारायला जात नसत. भावाने मला त्यांच्यापुढे ठेवलं. ताईंनी भिंग लावलं. मला कडेकडेने फिरवून पाहिलं.

"कुठून आणलंस रे?"

"एका शिंप्याच्या डब्यातनं. चाळीस वर्षं पुडीत होतं म्हणे."

"रंग अक्षरांवरून सरळ वाहत गेलाय. अडखळलाच नाही कुठे. आणि हा निळा... जरा जास्तच निळा वाटतो."

"ताई, मोतीबिंदू काढून महिना नाही झाला तुला. परवा तूच म्हणालीस ना, सगळंच निळं दिसतंय म्हणून?"

ताईंनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं. शेवटी त्यांनी कार्डावर लिहिलं, 'रंग नैसर्गिक', आणि सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे एका सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. मी विक्रीसाठी काचेखाली होतो, शेजारी ते कार्ड, काचेमागे भाऊ आणि ताई. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला पसंत केलं. ते पैसे काढत असतानाच एक बाई काचेशी वाकली. शिंप्याची मुलगी! बाबांच्या नाण्यासारखं दुसरं कुठे दिसतं का, हे बघायला आली होती.

"हा खळगा! अहो, हे आमच्या बाबांचं नाणं. पण मी तर घासून पांढरं केलं होतं. मग बाबांच्या वेळचा रंग परत कसा आला?"

तिच्या आवाजात आशा होती, तीच ऐकवेना. भाऊ हसत पुढे झाला, "गैरसमज होतोय तुमचा..."

"थांब," ताई म्हणाल्या. त्यांनी मला बाहेर काढून तिरकं धरलं. रंगाखाली ब्रशाचे चरे चमकले. ताईंनी कार्ड उचललं आणि मुख्याध्यापकांसमोर फाडलं.

"मास्तर, हे घेऊ नका. रंग चढवलेला आहे. मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलेलं मी मानलं नाही."

"एका नाण्यापायी मला उघडं पाडलंस?" भावाचा आवाज चिरकला.

"तू माझ्या डोळ्यांनाच खोटं पाडलंस रे."

त्यानंतर तो ताईंकडे आला नाही. ताईंनी मला तिथेच विकत घेऊन त्या मुलीला द्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "नको. बघवत नाही मला." म्हणून मी इथे राहिलो. भावाची नाणी ज्यांनी ज्यांनी ताईंच्या कार्डासकट नेली होती, त्या सगळ्यांना ताईंनी पत्रं लिहिली. लोक नाणी परत आणतात. ताई मला शेजारी ठेवून एकेक तपासतात. काही खरी निघतात, काही माझ्यासारखी.

आता एकच तपासायचं राहिलंय. वडील गेले तेव्हा भावाने ताईंना एक नाणं दिलं होतं, 'बाबांच्या पेटीतलं' म्हणून. ते खणात माझ्याशेजारीच असतं. ताई ते बाहेर काढतात, भिंगापर्यंत हात नेतात आणि परत ठेवून देतात. असं तीनदा झालं.

माणसांनो, आम्हाला घासू नका आणि नटवूही नका, एवढंच मागणं. आणि ताई, मला वाचा असती तर तुम्हाला आजच सांगितलं असतं. मी रात्रंदिवस त्या नाण्याला टेकून आहे. त्याचा रंग कुणी चढवलेला नाही. घ्या ते भिंग. तुमच्या भावाने तुम्हाला हे एक खरं दिलंय.